भात-पोळी न सोडता वजन कसं उतरवायचं

"मॅडम, भात पूर्ण बंद केलाय. पोळीही एकच खाते. तरी काटा हलत नाही." आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हे वाक्य मी आठवड्यातून निदान दोनदा तरी ऐकते. मग मी वही पुढे ओढते आणि म्हणते, "कालचा दिवस सांगा. उठल्यापासून."

मागच्या पावसाळ्यात एक ताई आल्या होत्या. राहायला बोरिवलीला, नोकरी फोर्टात. सकाळी घाईत चहा आणि तीन टोस्ट. डब्यात नुसती भाजी आणि काकडी, कारण पोळी 'बंद'. दुपारी चारपर्यंत ऑफिसचे दोन चहा. संध्याकाळी चर्चगेटला गाडी पकडायच्या आधी पोटात आग पडलेली, म्हणून दोन वडापाव. घरी पोचल्यावर कुकर होईपर्यंत चिवड्याचा डबा मांडीवर. रात्री पुन्हा सॅलड, आणि साडेदहाला झोप येईना म्हणून बिस्किटं. आम्ही दोघींनी मिळून हिशेब केला. दोन वडापावच्या साधारण 600 कॅलरी झाल्या. ज्या जेवणाला त्या घाबरत होत्या, म्हणजे दोन पोळ्या आणि वाटीभर भात, त्याच्या होतात 350 ते 400. ताटातला भात गेला होता खरा, पण स्टेशनवर तो पाव होऊन परत आला होता, सोबत तेल घेऊन.

मला या लेखात एवढंच पटवायचं आहे की भात-पोळीला ताटात मोजून, ठरलेली जागा द्या. म्हणजे ती दिवसभर मागच्या दाराने आत शिरणार नाही.

थोडं आधीचं

कर्बोदकं, म्हणजे ज्याला आता सगळेच कार्ब्स म्हणतात, ती एका ग्रॅमला 4 कॅलरी देतात. प्रथिनंही 4 च देतात आणि तेल-तूप 9. म्हणजे नुसत्या आकड्यात पाहिलं तर भात हा काही खलनायक नाही. गोंधळ होतो तो तीन ठिकाणी: आपण भात-पोळी खातो फार, तीही चोथा (फायबर) काढून टाकलेली, आणि सोबतीला डाळ-भाजी नावापुरती.

आयसीएमआर-इंडियाब ही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) मधुमेहाबद्दलची, देशभरातल्या एक लाखाहून जास्त प्रौढांची पाहणी. तिच्यातले आहाराचे निष्कर्ष 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दिसलं की भारतीय माणसाच्या रोजच्या ऊर्जेतला सुमारे 62 टक्के वाटा कर्बोदकांचा आहे, आणि त्यातला मोठा भाग पॉलिशचा तांदूळ, धान्य दळून केलेलं पीठ आणि साखर यांचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलंय की तृणधान्यांतून 45 टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा येऊ नये. पहिला आकडा सगळ्या कर्बोदकांचा आणि दुसरा फक्त तृणधान्यांचा, त्यामुळे थेट वजाबाकी करू नका, पण दिशा कळते: धान्याचा वाटा थोडा कापायचा आहे. शून्यावर जायचं नाहीये.

कार्ब्स पूर्ण तोडल्यावर पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरतात, ते कसे, असं मला हमखास विचारतात. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा संपला की ते पाणी निघून जातं आणि काटा खाली येतो. ती चरबी नसते. पुन्हा दोन दिवस भात खाल्ला की पाणी परत येतं, आणि माणूस हताश होऊन म्हणतो, "बघा, भात खाल्ला की लगेच वाढतं." या गैरसमजापायी मी किती जणांना पुरणपोळीसमोर रडवेलं झालेलं पाहिलंय.

पायरी 1: तीन दिवस काहीही बदलू नका, फक्त लिहा

दोन कामाचे दिवस आणि एक रविवार. मोबाइलवर लिहा किंवा खायच्या आधी फोटो काढा. उभ्याउभ्या खाल्लेलंही लिहायचं: मुलाच्या डब्यात उरलेला पराठा, सहकाऱ्याच्या वाढदिवसाचा केक, पोळ्या लाटताना तोंडात टाकलेला गूळ-शेंगदाणा. तिसऱ्या दिवशी कार्ब्सच्या प्रत्येक नोंदीखाली पेन्सिलने रेघ मारा. बहुतेकांच्या वहीत जेवणाच्या ताटापेक्षा जेवणाच्या मधल्या वेळांत रेघा जास्त निघतात.

पायरी 2: आपली वाटी मोजून घ्या

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात जास्त कामाची. "एक वाटी भात" असं सांगितलं की कुणाच्या घरची वाटी आमटीची असते, कुणाची खिरीची, कुणाचा भात वाटीवर डोंगरासारखा उभा असतो. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा घ्या. पंधरा दिवस वापरला की नजर बसते, मग तो कपाटात गेला तरी चालतो.

साधारण हिशेब असा. कच्चे 40 ग्रॅम तांदूळ शिजून 110 ते 120 ग्रॅम भात होतो, म्हणजे मध्यम वाटी सपाट भरून. त्याच्या 150 च्या आसपास कॅलरी. 25 ते 30 ग्रॅम कणकेचा एक फुलका 85 ते 100 कॅलरींचा. घडीच्या पोळीला आतून-बाहेरून तेल लावलं की त्यात आणखी 20-30 सहज मिळतात. आणि भाकरी? इथे चांगले चांगले फसतात. हाताएवढ्या जाडसर भाकरीला 55-60 ग्रॅम पीठ लागतं. म्हणजे एक भाकरी बरोबर दोन फुलके. "मी आता पोळी सोडून भाकरी खातो, तीन" असं सांगणारे काका खरं तर सहा फुलके खात असतात.

वर सांगितलेल्या इंडियाब पाहणीतही हेच दिसलं. पांढऱ्या भाताच्या जागी नुसती गव्हाची किंवा भरडधान्याची पिठं आणली आणि कर्बोदकांचं एकूण प्रमाण तेवढंच ठेवलं, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला आढळला नाही. कर्बोदकांतला थोडा वाटा काढून तिथे डाळी-कडधान्यं, दूध-दही असं प्रथिनांचं अन्न आलं, तेव्हा फरक दिसला. हे लक्षात ठेवा, पुढच्या पायरीवर उपयोगी पडेल.

मग रोज किती? बैठं काम करणाऱ्या, वजन कमी करू पाहणाऱ्या मध्यम बांध्याच्या स्त्रीसाठी मी साधारणपणे दिवसाला 150 ग्रॅम कोरडं धान्य धरते. म्हणजे भात, पोळी, पोहे, रवा, सगळं मिळून, शिजवायच्या आधीचं वजन. पुरुषांसाठी 180 ते 200. अंगमेहनतीचं काम असेल तर अर्थातच जास्त. हा आरंभबिंदू आहे. दोन-तीन आठवडे बघून त्यात 20-30 ग्रॅम इकडे-तिकडे करायचं असतं.

150 ग्रॅमची वाटणी घरच्या भाषेत: सकाळी 40 ग्रॅम पोहे, दुपारच्या डब्यात दोन फुलके, रात्री एक भाकरी किंवा सव्वा वाटी भात. बघा, कशालाच सुट्टी दिलेली नाही.

भाताची एक युक्ती मी सगळ्यांना सांगते. शिजलेला भात वाढताना हात आवरणं कठीण असतं, म्हणून निर्णय कुकर लावतानाच घ्या. तांदळाच्या डब्यात बरोबर 40 ग्रॅम मावतील असं छोटं माप टाकून ठेवा आणि माणशी मोजून तांदूळ धुवा. भात उरलाच नाही तर "एवढा टाकायचा कुठे" म्हणून कुणाला तो संपवावा लागत नाही. आपल्याकडच्या आयांचं निम्मं वजन या उरलेल्या अन्नाच्या काळजीतून आलेलं असतं, असं मला फार वाटतं.

पायरी 3: धान्य निवडताना

शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण 10 ग्रॅम चोथा असतो, बाजरी-नाचणीत 11 च्या आसपास, न चाळलेल्या कणकेतही तेवढाच. पॉलिशच्या तांदळात आणि मैद्यात जेमतेम 3. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला निदान 25 ग्रॅम चोथा सांगते. चोथ्यामुळे पोट लवकर भरल्यासारखं वाटतं, साखर रक्तात सावकाश उतरते आणि दोन तासांनी पुन्हा काहीतरी खावंसं वाटत नाही. भाकरीचा फायदा इथे आहे. कॅलरीत ती गव्हाएवढीच.

कणीक बारीक चाळणीने चाळू नका. कोपऱ्यावरच्या गिरणीत गहू दळायला देत असाल तर थोडं जाडसर दळायला सांगा. पोळी पहिल्या आठवड्यात जरा खरखरीत लागते, नंतर तीच आवडते.

ज्वारीचं पीठ थोडं थोडं आणा, आठ-दहा दिवसांचंच. जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना कडेने चिरते. मग घरातले म्हणतात "आपल्याला नाही जमत" आणि गाडी पुन्हा ब्रेडवर येते. शिकणाऱ्याने उकड काढून करावी. एक वाटी पिठाला पाऊण ते एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ. पाणी उकळलं की गॅस बंद करून पीठ टाका, उलथन्याच्या टोकाने हलवा, दहा मिनिटं झाकून ठेवा. मग हाताला सोसेल इतकं गरम असतानाच पाण्याचा हात लावून खूप मळा. गोळा मऊसूत झाला, दाबल्यावर कडेला भेग पडली नाही की समजा जमलं. परातीत कोरडं पीठ भुरभुरून तळव्याने थापायची, फिरवत फिरवत. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवा आणि लगेच ओल्या हाताने वरून पाणी फिरवा. ते पाणी सुकत आलं की उलटा, पूर्ण सुकू देऊ नका, नाहीतर भेगा पडतात. दुसरी बाजू नीट भाजली की थेट आचेवर. फुगलेली भाकरी हातात घेतली की तिच्यावर तूप न लावताही खावीशी वाटते. थापणं जमत नसेल तर उकडीमुळे ती लाटताही येते, त्यात कमीपणा नाही.

आपण मुंबईकर अर्ध्याहून जास्त भाताचे. कोकणातून आलेल्या घरांना रात्री भात नसला तर जेवल्यासारखं वाटत नाही, आणि मला ते बदलायचंही नाही. अशा घरांना मी उकडा तांदूळ सुचवते. दादर, लालबाग, परळ, गिरगाव इथल्या कोकणी मालाच्या दुकानांत तो मिळतो. भात तुसासकट उकडून मग कांडला जातो. त्या उकडण्यात कोंड्यातली काही ब जीवनसत्त्वं दाण्यात मुरतात, आणि असा भात साध्या पांढऱ्या भातापेक्षा सावकाश पचतो. दाणा जाड आणि वास थोडा उग्र असतो. माशाच्या कालवणाबरोबर किंवा कुळथाच्या पिठल्याबरोबर पहिल्यांदा खाऊन बघा, वरणाबरोबर सुरुवात केलीत तर कदाचित नाक मुरडाल. हातसडीचा मिळाला तर तोही उत्तम.

पेज काढून टाकलेल्या भाताबद्दल फार बोललं जातं. त्याने थोडा स्टार्च जातो, पण ब गटातली जीवनसत्त्वंही त्याच पाण्यात जातात. 40 ग्रॅमच्या मापाला तो पर्याय नाही.

भात शिजवून थंड केल्यावर त्यातला काही स्टार्च लहान आतड्यात न पचणाऱ्या रूपात बदलतो, हे खरं आहे. पण हा फायदा छोटा आहे आणि मुंबईच्या दमट हवेत शिळ्या भाताचा धोका मोठा. ओट्यावर रात्रभर राहिलेल्या भातात वाढणारे जिवाणू असं विष तयार करतात की ते पुन्हा गरम करूनही जात नाही. ठेवायचाच असेल तर तासाभरात फ्रिजमध्ये, पसरट भांड्यात, आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून खा.

नाचणीचं कौतुक मी वेगळं करीन. शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम देणारं दुसरं तृणधान्य आपल्याकडे नाही. सकाळी ताकातली आंबील पिऊन निघालेला माणूस अंधेरीपर्यंत उभा राहूनही भुकेला होत नाही. मात्र नाचणीची गोड बिस्किटं आणि नाचणीची आंबील यांना एकाच रांगेत बसवू नका.

पायरी 4: ताटात सोबत कोण आहे ते बघा

आपल्या पोटाला गंडवणारी एक जोडी असते: पिठासोबत पीठ. बटाट्याची भाजी आणि पोळी. पावभाजी. वडा आणि पाव. वरणाचं पाणी आणि भाताचा डोंगर. ताटाचे चार भाग कल्पनेनेच करा. दोन भाग भाज्या आणि कोशिंबीर, एक भाग दाट वरण, उसळ, अंडी, मासे किंवा चिकन, आणि उरलेला एक भाग भात किंवा पोळी. बटाटा, रताळं, सुरण, साबुदाणा यांना भाजीच्या भागात जागा नाही. ती भाताच्या भागात बसतात. बटाट्याची भाजी करायची त्या दिवशी एक फुलका कमी, एवढं सोपं.

वरण घट्ट करा. सहा माणसांना अर्धी वाटी डाळ शिजवून ती आठ वाट्या होईपर्यंत पाणी घालायचं, ही आपल्याकडची सवय महागाईने लावलेली आहे. पण वजन कमी करायच्या काळात माणशी 30 ग्रॅम तरी डाळ एका जेवणात यायला हवी. मूग, मटकी, वाल, चवळी, हिरवे वाटाणे, कुळीथ यांची आठवड्यात चार दिवस उसळ. कडधान्यांत कर्बोदकंही असतात, पण चोथा आणि प्रथिनांच्या सोबतीने येतात आणि फार हळू पचतात. वालाचं बिरडं आणि एक भाकरी हे माझ्या मते वजन उतरवणाऱ्याचं राजस जेवण आहे. मासे खाणाऱ्यांना तर काही सांगायलाच नको. बांगड्याचं तिखलं, वाटीभर भात, भरपूर कोशिंबीर. फक्त रव्यात घोळवून तळलेल्या तुकड्यांऐवजी कालवण.

खाण्याचा क्रमही थोडा बदला. आपल्याकडे पानात पहिला मान वरणभाताचा. सणाला तो तसाच राहू दे. रोज मात्र आधी कोशिंबीर आणि भाजीचे चार-पाच घास, मग उसळ, आणि मग पोळी-भात असं जेवा. भाज्या आणि प्रथिनं आधी पोटात गेली की जेवणानंतर रक्तातली साखर कमी उसळते. जेवून लगेच सोफ्यावर न बसता दहा-पंधरा मिनिटं इमारतीच्या आवारात चालून या, त्यानेही तेच साधतं.

पायरी 5: डबा, आणि संध्याकाळचे सहा

मुंबईत वजनाची लढाई संध्याकाळी सहा ते आठ या दोन तासांत हरली किंवा जिंकली जाते. दुपारी एकला जेवलेला माणूस रात्री नऊला जेवतो. मध्ये आठ तास, त्यातले दोन गर्दीत लटकून. एवढा वेळ कुणाचंही मन ताळ्यावर राहणार नाही, म्हणून स्वतःला दोष देऊ नका. सोय करा.

मी दोन डबे सांगते. मोठा दुपारचा: दोन फुलके, डबीभर कोरडी उसळ किंवा पनीर-अंडा भुर्जी, एक भाजी, काकडी-गाजर-मुळा. दह्याची छोटी बाटली ऑफिसात मिळते, ती घ्या. छोटा डबा पाच ते साडेपाचला उघडायचा, गाडीत चढायच्या आधी. त्यात मूठभर फुटाणे आणि एक फळ. किंवा मोड आलेले मूग वाफवून, कांदा-लिंबू मारून. किंवा उकडलेलं अंडं. 30 ग्रॅम फुटाण्यांत 110 च्या आसपास कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. पर्सच्या कोपऱ्यात आठवडाभर राहिले तरी बिघडत नाहीत.

डबा विसरलात तर स्टेशनबाहेरही वाट असते. उकडलेल्या शेंगा, चणेवाल्याकडचे भाजलेले चणे, पावसाळ्यात निखाऱ्यावरचं कणीस, शहाळं, सोललेली पेरू-काकडी. भेळ खायचीच तर गोड चटणी आणि शेव अगदी कमी, कांदा-टोमॅटो-कैरी जास्त, वरून चणे घालून मागा. भेळवाला हसत देतो, रोज मागणारे असतात. उसाचा रस मात्र रसवंतीत बसून प्यायला सुंदर असला तरी ती साखरच आहे.

आणि वडापाव? कायमचा बंद करायला मी कुणालाच सांगत नाही, कारण ते कुणी पाळत नाही. आठवड्यातून एक, दिवस ठरवून, दुपारनंतर, आणि त्या रात्री भात-पोळीऐवजी नुसती उसळ-भाजी किंवा ऑम्लेट. मन लावून, उभं राहून, गरम असताना खायचा. सुरुवातीला सांगितलेल्या बोरिवलीच्या ताईंनी शुक्रवार धरला. बाकी चार दिवस छोटा डबा. रात्रीचा वाटीभर भात परत सुरू केला आणि साडेदहाची बिस्किटं आपोआप सुटली, त्यासाठी मी वेगळं काही सांगितलंही नव्हतं.

चहा

चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, झाली 40 ग्रॅम, म्हणजे 160 कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे शक्यतो 25 ग्रॅमच्या आत राहावं. गुळाचा चहा वजनाच्या दृष्टीने साखरेचाच, मधाचंही तेच. दर आठवड्याला प्रत्येक कपातला अर्धा चमचा कमी करा, जीभ महिन्याभरात ऐकते. टपरीवर "कटिंग, कमी साखर" चालत नाही कारण चहा आधीच गोड उकळलेला असतो, म्हणून तिथला एकच ठेवा. सोबतची खारी, बटर, टोस्ट हे सगळं मैदा आणि वनस्पती तूप. चहा एकटा पिऊ शकतो आपण.

पाकिटांवरची बारीक अक्षरं

पाकिटाच्या पुढच्या बाजूवर कणसाचं चित्र असतं, तुम्ही मागची बाजू वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, म्हणून पहिलं नाव सगळ्यात महत्त्वाचं. 'रिफाइंड गव्हाचं पीठ' म्हणजे मैदा. मल्टिग्रेन म्हणवणाऱ्या कित्येक ब्रेडच्या यादीत पहिला मैदाच असतो, आणि ब्राउन ब्रेडचा रंग कॅरॅमलचाही असू शकतो. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन ही सगळी साखरेच्या घराण्यातलीच मंडळी. डाएट चिवडा ताटलीत काढून, दोन चमचे, एवढ्यापुरता ठीक.

फळं, उपास आणि सण

फळं बंद करू नका, रस बंद करा. एक मोसंबं सोलून खाताना दहा मिनिटं जातात आणि पोट भरतं. ग्लासभर रसाला तीन-चार मोसंबी लागतात आणि तो दोन मिनिटांत संपतो, चोथा चाळणीत राहतो. दिवसाला दोन मध्यम फळं पुरेत. डहाणू-घोलवडचा चिकू, वेलची केळी, पेरू, पपई, जे हंगामात असेल ते. एप्रिल-मे मध्ये हापूसवर रुसू नका. एक मध्यम आंबा साधारण 100 ते 120 कॅलरींचा असतो, तो दुपारच्या एका फुलक्याच्या जागी कापून खा. आमरसाची वाटी मात्र दोन-तीन आंबे पिऊन बसते, वर पुऱ्या.

साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च आहे, चोथा नाही, प्रथिनं नाहीत. एका बशीतल्या खिचडीत 60 ग्रॅम साबुदाणा, चमचाभर तूप, मूठभर दाण्याचं कूट धरलं तर 450 कॅलरी होतात, आणि तासाभरात पुन्हा भूक. आषाढी-महाशिवरात्रीला खा. पण दर सोमवार-गुरुवारचा उपास असेल तर वरईचा भात मोजून आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी आणि दही, उकडलेलं रताळं, काकडीची कोशिंबीर असा फिरता ठेवा. उपासाच्या दिवशी वजन वाढतं अशी तक्रार करणाऱ्यांचं गणित बहुतेक इथेच सापडतं.

गणपतीत उकडीचे दोन मोदक तूप घालून खा, आणि त्या जेवणात भात घेऊ नका. मोदकाची पारी तांदळाचीच आहे.

मोजमाप, आणि कुणी थांबून विचारावं

वजन आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर. रोज बघितलं तर तुम्ही मीठ आणि पाण्याचे चढउतार बघत राहाल. दर पंधरा दिवसांनी कमरेला टेप लावा. भारतीय पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी 80 ही धोक्याची रेघ मानली जाते. आठवड्याला अर्धा किलो म्हणजे उत्तम चाललंय.

चोथा एकदम वाढवू नका. आज मैद्यावर असलेल्या माणसाने उद्यापासून तीन वेळा उसळ-भाकरी सुरू केली तर गॅसने हैराण होईल. दर आठवड्याला एक बदल, आणि पाणी जास्त.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर भात-पोळी कमी करण्याआधी डॉक्टरांना भेटाच. औषधाचा डोस तोच ठेवून कर्बोदकं घटवली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर त्या क्षणी साखर-पाणी घ्यायचं, वजनाचा विचार नंतर. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मूत्रपिंडाचा त्रास असलेले, आणि वाढत्या वयाची मुलं यांनी वरचे आकडे स्वतःला लावू नयेत.

आणि काटा तीन आठवडे एकाच जागी थांबला तर? भात तोडायच्या आधी पायरी एकवर परत जा आणि पुन्हा तीन दिवस लिहा. वाटी डोंगराएवढी झालेली असते, किंवा तेलाचा बुधला महिन्याऐवजी वीस दिवसांत संपतोय, किंवा छोटा डबा मंगळवारपासून घरीच राहतोय. यातलं काहीच नसेल तर रोजच्या धान्यातले 20 ग्रॅम कमी करा, म्हणजे जेमतेम एक छोटा फुलका, आणि त्या जागी अर्धी वाटी उसळ वाढवा. बाकी काही हलवू नका. मग पुढचे दोन आठवडे तसंच चालू ठेवून पुन्हा काट्यावर उभे राहा.